पोलादवाल्याचा क्लब

ब्लॅकबर्न हे इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं गाव. १८७५ साली स्थापन झालेल्या तिथल्या रोव्हर्स फुटबॉल क्लबने १९१४ नंतर लीगचं विजेतेपद पाहिलंच नव्हतं. गिरण्या थंडावल्या, क्लब दुसऱ्या श्रेणीत रुतला.

जॅक वॉकर याच गावचा. वडिलांचा पत्र्याचा धंदा भावासोबत वाढवून त्याने पोलादाचं मोठं साम्राज्य उभारलं, ते ब्रिटिश स्टीलला विकलं आणि १९९१ मध्ये लहानपणापासूनचा लाडका क्लब ताब्यात घेतला. नफ्याचा हिशेब यात नव्हताच! केनी डॅल्ग्लिशसारखा व्यवस्थापक आला, १९९२ मध्ये ३० लाखांहून अधिक पौंड मोजून स्ट्रायकर अ‍ॅलन शिअरर आला. 'विजेतेपद विकत घेतलं' ही टीका झालीच. ती अगदीच खोटी नव्हती. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये हरले, पण मँचेस्टर युनायटेडची बरोबरी झाली आणि एका गुणाने प्रीमियर लीगचा चषक ब्लॅकबर्नला आला.

वॉकर २००० मध्ये गेला.

२०१० मध्ये क्लब पुण्याच्या वेंकीज या कोंबडी-उद्योगातल्या कंपनीने घेतला. दीड वर्षात संघ प्रीमियर लीगबाहेर फेकला गेला; हे ठरवणाऱ्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात चक्क जिवंत कोंबडी सोडली. क्लबच्या ईवुड पार्क मैदानाबाहेर पुतळा मात्र वॉकरचा आहे.