खाडीच्या गाळातील दप्तर

खंडाळ्याच्या श्रोत्यांपुढे समुद्रकाठच्या चिखलाविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. आपले पाणी नीरेवाटे भीमेस, भीमेवाटे कृष्णेस मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. पण याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री बाणकोटास समुद्राला मिळते. आणि कोयनेचे पाणी १९६२ पासून वीज निर्माण करून पोफळीस उतरते व वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जाते. तेव्हा कोकणच्या गाळात आपल्याही डोंगरांचा इतिहास साठलेला आहे.

इतिहास म्हटला की बखरी आणि कागदपत्रे आठवतात. पण जंगल केव्हा तुटले, कारखान्याचे सांडपाणी केव्हा नदीत आले, याची नोंद कोणता कारकून ठेवणार? ती नोंद गाळ ठेवतो. भरतीचे पाणी संथ झाले की त्यातील बारीक माती खाडीकाठी बसते. थरावर थर चढतो, आणि प्रत्येक थरात त्या त्या काळचे परागकण, सूक्ष्म जीवांची कवचे व धातूंचे अंश राहतात. चिखलात नळी खोल रोवून अखंड कांडी काढावयाची व तिचे पातळ काप करावयाचे, की दप्तर उघडले.

परंतु तारखेवाचून दप्तर मुके. हवेतील रेडॉन वायूपासून शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार निर्माण होऊन पावसाबरोबर खाली येतो व सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो. किती उरला, यावरून शंभरेक वर्षांपर्यंतचे वय काढता येते. ही युक्ती १९६३ साली गोल्डबर्ग यांनी सुचविली. १९७१ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कृष्णस्वामी व देवेंद्र लाल यांनी सहकाऱ्यांसह ती सरोवरांच्या गाळास लावली. शिवाय अणुस्फोटांतून उडालेले सीझियम १९६३ च्या सुमारास सर्वाधिक पडले. तो थर म्हणजे जणू तारखेचा शिक्काच.

गोव्याचे उदाहरण बोलके आहे. खाणींचे लोहखनिज मांडवी-जुवारीतून पडावांनी मुरगाव बंदराकडे जाई. खाणींची माती पावसात नद्यांत येई. गोवा विद्यापीठातील संशोधकांनी तेथील खाड्यांच्या चिखलाच्या अशा कांड्या तपासल्या, तेव्हा वरच्या थरांत लोह व मँगनीज वाढलेले आढळले. २०१२ साली खाणकाम थांबविले गेले. गाळातील साक्ष मात्र राहिली.

ही साक्ष उलटतपासणीवाचून मानू नये. खेकडे व किडे थर उकरतात. लोह आणि मँगनीज तर चिखलात विरघळून स्वतःच वर सरकतात; मग वरच्या थरातील वाढ माणसाची की निसर्गाची? म्हणून ॲल्युमिनियमशी प्रमाण ताडतात, शिसे-जस्ताची साक्ष घेतात, मातीचे कण किती बारीक तेही पाहतात. एकाच कागदावर इतिहास लिहू नये, हा नियम येथेही लागू.

कागद जळाला तर नक्कल सापडू शकते. खाडीकाठी भराव घातला किंवा गाळ उपसला, की ते पान गेले. आपल्याकडेही नीरेवर वीरचे धरण झाल्यापासून त्यात गाळ साठत आहे. तलावांचा गाळ काढून शेतात नेण्याची योजना राज्यात २०१७ पासून आली. गाळ शेतास अवश्य मिळावा. पण उपसण्यापूर्वी एक कांडी काढून जपावी, एवढेच आमचे मागणे आहे. आपण या भूमीचे काय केले, हे नातवंडे विचारतील. त्यांना उत्तर देणारा साक्षीदार आपणच नाहीसा करू नये.