कुबड्या, बाईक आणि निळ्या पाटीची जागा

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, थोडा झाडूनपुसून.

सुरुवात माझ्या पायापासून. गेल्या पावसाळ्यात उधव्याजवळ बाईक घसरली आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. उधवा तलासरी तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीला लागून. मोठा दवाखाना म्हटला की डहाणू, वापी नाहीतर सेलवास. घरात फोर व्हीलर नाही. मग धाकट्या भावाने बाईक चालवायची, मी मागे, कुबड्या मांडीवर आडव्या. हसू नका, आपल्याकडे अर्धा तालुका असाच दवाखान्यात जातो.

एका दवाखान्याच्या आवारात दाराशीच व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलेली जागा रिकामी होती. भावाने बाईक तिथे नेली. वॉचमन आला. "दादा, अपंगाचं कार्ड आहे?" म्हटलं, पाय मोडलाय, दिसतंय ना. "ते दिसतंय. कार्ड आहे का? आणि ही जागा फोर व्हीलरची आहे." बाईक पार मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली आणि तिथून मी चिखलातून टुकटुक करत आलो. राग आला होता. पण घरी बसून वाचायला लागलो तेव्हा कळलं, कागदावर वॉचमन बरोबर होता. तो का बरोबर होता, याचाच आजचा इतिहास.

आधी ते चिन्ह. १९६८ साली सुसान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं. तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती. डोक्याचा गोल नंतर कार्ल मॉंटान यांनी जोडला, तेव्हा कुठे खुर्चीत माणूस बसला! १९६९ मध्ये ते जगभरासाठी स्वीकारलं गेलं. ब्रिटनमध्ये आल्फ मॉरिस या खासदाराने लावून धरलेला अपंगांविषयीचा कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७१ पासून पार्किंगसाठी नारिंगी बिल्ला आला (२००० पासून तो निळा झाला). त्यातली गंमत अशी की बिल्ला माणसाचा, गाडीचा नाही. शेजाऱ्याच्या गाडीत बसून गेलात तरी तो चालतो.

आता अमेरिका, कारण माझ्यासारख्या तात्पुरत्या लंगड्याचा विचार तिथल्या नियमांत सापडतो. १९९१ च्या केंद्रीय नियमांत दोन रंगांचे पास आहेत. कायमचा निळा आणि तात्पुरता लाल, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा, डॉक्टरच्या दाखल्यावर. कसोटी काय? मध्ये न थांबता २०० फूट चालता येतं का, ही त्यातली एक. २०० फूट म्हणजे साधारण ६० मीटर. टक्केवारी नाही, अंतर! आणि एका राज्याचा पास दुसऱ्या राज्याने मानायचा. सकाळी महाराष्ट्रात आणि दुपारी सेलवासला असणाऱ्या उधवेकराला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फक्त एक घोळ आहे. पास लटकवायचा काचेजवळच्या आरशाला, आरसा नसेल तर डॅशबोर्डवर. बाईकवाल्याने कुठे लटकवायचा? हँडलला?

आपल्याकडे १९९५ चा कायदा आला आणि ४० टक्क्यांची अट आली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ही मोठीच गोष्ट. पण व्याख्येत शब्द आहे 'दीर्घकालीन'. सुधारणेची शक्यता असेल तर मुदतीचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण सहा आठवड्यांचं प्लास्टर दीर्घकालीन कसं म्हणणार? आणि काकांचं यूडीआयडी कार्ड खिशात घालून जाऊ, असं कुणाच्या डोक्यात असेल तर थांबा. खोटेपणाने सवलत घेतली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वॉचमनचा दुसरा मुद्दा फोर व्हीलरचा. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट लिहिलं होतं: प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दोन कारची जागा, रुंदी किमान ३.६ मीटर, आणि ती व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी राखीव असल्याची पाटी. एवढी रुंदी उगाच नाही. दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता यावी म्हणून ती सोडलेली असते. मी तिथे बाईक आडवी घातली असती तर खरोखर गरज असलेल्याची अडचण झाली असती. हे मला उशिरा पटलं. मला रुंदी नकोच होती, जवळपणा हवा होता. दाराशी दोन बाईकएवढी पट्टी आखली तरी भागतं.

आणि दुचाकीवरचा अपंग माणूस कायद्याला माहीत नव्हता असंही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनाला वेगळा वर्ग होता. २०१९ च्या दुरुस्तीत त्याचं नाव बदलून 'रूपांतरित वाहन' असा अर्थ आला. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटर तुम्ही रोज बघता. म्हणजे परवान्याच्या कायद्यात तो माणूस आहे, २००५ च्या पार्किंगच्या मापात मात्र कारच होती.

राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली होती. तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा. तीन महिन्यांची मुदत दिली. अशा नियमांत दुचाकीची पट्टी यावी, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत काय? प्लास्टरमध्ये स्वतः बाईक चालवू नका. चालवण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असूनही चालवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली दंड आहे. मागे बसा, आणि दाराशीच उतरवायला सांगा. उतरायला कार्ड लागत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. तोच वॉचमन आला, कुबड्या धरल्या आणि भावाला म्हणाला, "जा, तू शेडमध्ये लावून ये, मी यांना आत बसवतो."