ताम्रपट, प्राध्यापक आणि आपली दप्तरे

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत प्राध्यापकवर्गाच्या यशाची एक यादी असते. कोणाचा प्रबंध मान्य झाला, कोणी कोणत्या परिषदेत निबंध वाचला, कोणाला कोणता सन्मान लाभला, याची ती नोंद. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा कामास गुणांक देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून या यादीस पदोन्नतीच्या दृष्टीनेही महत्त्व आले. परंतु पन्नास वर्षांनी त्या यादीतले काय उरते? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका जुन्या प्राध्यापकाच्या कामात सापडते.

आपला निमाड जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. राजधानी नागपूर, १९२३ साली स्थापन झालेले प्रांताचे विद्यापीठही नागपुरातच. तेथील मॉरिस कॉलेजात १९१९ पासून वासुदेव विष्णु मिराशी संस्कृत शिकवीत होते. त्यांचा जन्म १८९३ चा, कोकणातील कुवळे गावचा. पुढे ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी आणि १९७५ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. वार्षिक अहवालात शोभावे असे हे सर्व आहे. तथापि मिराशींचे खरे काम वर्गातील तासांखेरीज उरलेल्या वेळात, गंजलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर वाकून चालत असे.

१९३९ साली वाशीम येथे एका शास्त्रीबुवांकडील ताम्रपट उजेडात आला. तो वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा होता. त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती, असा क्रम त्यात स्पष्ट होता. त्या आधारे मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला शिलालेख पुन्हा तपासला. पूर्वीच्या विद्वानांनी जेथे ‘रुद्रसेन’ वाचले होते, तेथे ‘सर्वसेन’ आहे, हे त्यांनी दाखविले. एका नावाच्या दुरुस्तीने वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथील वाकाटकांची स्वतंत्र शाखा इतिहासात आपल्या जागी बसली. अजिंठ्याच्या उत्तरकालीन वैभवाचा संबंध याच शाखेशी आहे.

यापुढे मिराशींनी भारतीय कोरीव लेखांच्या शासकीय ग्रंथमालेचे तीन खंड सिद्ध केले: कलचुरि-चेदि संवताचे लेख (१९५५), वाकाटकांचे लेख (१९६३) आणि शिलाहारांचे लेख (१९७७). तिसरा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय ८४ होते. याखेरीज ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, हे विशेष. आपले संशोधन आपल्या भाषेतील वाचकांनाही कळले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांचे सर्वच निर्णय टिकले असे नाही, आणि येथे आपल्या प्रदेशाचाच दाखला आहे. स्वामिदास, भुलुंड आणि रुद्रदास या महाराजांचे काही ताम्रपट इंदूर व शिरपूर येथे मिळाले होते. त्यांवरील वर्षे कलचुरि संवताची मानून मिराशींनी हे राजे खानदेशात घातले. पुढे १९८२ साली धार जिल्ह्यात बाघजवळ २७ ताम्रपटांचा संच सापडला आणि १९९० साली तो प्रसिद्ध झाला. त्यावरून ही राजवट नर्मदेच्या खोऱ्यात वल्ख येथे नांदत होती आणि तिची वर्षे गुप्त संवताची आहेत, असे मत रूढ झाले. म्हणजे काळ सुमारे ७० वर्षे पुढे सरकला. आमच्या मते यात मिराशींना उणेपणा नाही. त्यांनी मूळ लेख अक्षरशः छापून, आपली कारणे उघड मांडून ठेवली होती, म्हणूनच पुढच्यांना ती तपासता आली. विद्वत्तेचे यश मोजायचे तर ते या कसोटीवर मोजावे.

आणखी एक गोष्ट. वाशीमचा पत्रा घरात जपलेला नसता, तर अजिंठ्याचे कोडे कदाचित सुटले नसते. असे किती पत्रे तांबटाकडे मोडीत गेले असतील, याची गणती नाही. आपल्या बऱ्हाणपुरात जामा मशिदीतील फारुकी आदिलशहाचा संस्कृत शिलालेख, विक्रम संवत १६४६ चा, दगडात कोरलेला म्हणून टिकला आणि रायबहादूर हिरालाल यांच्यासारख्या अभ्यासकाच्या नजरेस पडला. कागदास तसे आयुष्य नसते.

१७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांच्या हवाली केले. त्या काळात व त्यानंतर देशावरून येऊन तापीकाठी, राजघाटाच्या आसपास स्थिरावलेल्या घराण्यांत अद्याप मोडी लिपीतील रुमाल आहेत: सनदा, वाटणीपत्रे, देवस्थानचे हिशेब, लग्नाच्या याद्या. ज्या पिढीने शाळेत मोडी गिरवली ती आता जवळजवळ संपली. रुमाल बांधलेलाच राहतो, वाळवी मात्र गाठ सोडून आत जाते.

घरचे कागद बाहेर दाखविण्याचा संकोच आम्हांस ठाऊक आहे. वाटणीची जुनी भांडणे पुन्हा उकरली जातील, ही भीतीही समजते. म्हणून मूळ कागद कोणी द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. ते घरीच ठेवावेत. मात्र त्यांची छायाचित्रे काढून, कोणत्या घराण्याचे आणि कोणत्या गावचे एवढी नोंद करून, इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत. महाविद्यालयांनीही आपल्या यशाच्या यादीत परिषदांच्या जोडीने वाचून प्रसिद्ध केलेल्या कागदांस मानाचे स्थान द्यावे. मिराशींसारखा वाचक पुन्हा कधी लाभेल हे आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा त्याच्यासमोर ठेवण्यास काही शिल्लक असावे, एवढे आपल्याला निश्चित करता येईल.