यकृतातला मेद आणि कुळाचा वारसा

मुलगा बापाच्या वळणावर गेला, असे आपण कधी कौतुकाने म्हणतो, कधी कपाळाला हात लावून म्हणतो. नाक, चाल, बोलण्याची लकब, तापट स्वभाव ह्यांच्या बाबतीत हे म्हणणे कुणी तपासून पाहत नाही आणि त्याने कुणाचे फारसे बिघडतही नाही. परंतु मूल आजारी पडले आणि तेच वाक्य दवाखान्यात उच्चारले गेले, म्हणजे त्याला निकालपत्राचे स्वरूप येते. दोष रक्ताचा की ताटाचा? मुलांच्या यकृतात मेद साठण्याचा जो विकार गेल्या चार दशकांत पुढे आला आहे, त्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी ह्या एका प्रश्नाचाच इतिहास होय. तो सांगण्यापूर्वी आपल्या घरच्या एका जुन्या रोगाकडे वळले पाहिजे. त्याचा मेदाशी संबंध नाही. ह्या प्रश्नाशी मात्र फार जवळचा आहे.

लहान मुलांचे यकृत वाढून दगडासारखे कठीण व्हावे, पोट फुगावे, कावीळ व्हावी आणि काही महिन्यांत मूल हातचे जावे, अशा रोगाचे वर्णन कलकत्त्यात १८८७ साली प्रसिद्ध झाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो भारतात बालकांचा काळ होऊन राहिला. बहुतेक मुले एक ते तीन वर्षांची असत. रोग काही घराण्यांत, काही समाजांत अधिक दिसे, आणि एकाच आईची दोन-दोन, तीन-तीन मुले त्याने जात. मग हा वंशातलाच दोष, असे डॉक्टरांना वाटले तर नवल कोणते? असा समज पसरला म्हणजे सुनेच्या माहेरी पूर्वी काही झाले होते काय, ही चौकशी कोणत्या सुरात होते, हे आपल्या श्रोत्यांस सांगावयास नको.

उलगडा झाला तो बराचसा पुण्यात. १९७९ साली असे दिसून आले की, ह्या मुलांच्या यकृतात तांबे बेसुमार साठलेले असते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क भागात ते पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असावयाचे, ते येथे शेकडो, कित्येकदा हजारापलीकडे असे. हे तांबे आले कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर ह्यांनी मुलांच्या आयांना अगदी साधे प्रश्न विचारले: अंगावरचे दूध केव्हा तोडले, वरचे दूध कोणते दिले, ते कशात तापविले? उत्तर स्वयंपाकघरातच होते. गाईम्हशीचे दूध पितळी भांड्यात तापत होते, त्यातच राहत होते, आणि भांड्याची कल्हई उडालेली होती. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणजे पाण्यातून जेवढे तांबे मुलाच्या पोटात गेले नसते, तेवढे दुधातून जात होते. १९८३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे घरोघरी स्टेनलेस स्टीलची पातेली आली, भांड्यांविषयी सांगणे सुरू झाले, आणि रोग हळूहळू दुर्मिळ झाला. कल्हईवाल्याची गल्लीतली आरोळी ही केवळ भांडी चकचकीत करण्याची नव्हती, हे आपल्याला असे फार उशिरा कळले.

मग वंशाची गोष्ट खोटीच होती काय? तसेही नाही. ऑस्ट्रियाच्या टायरॉल ह्या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ ह्या काळात अशाच रोगाच्या १३८ बालकांची नोंद सापडली. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांतले गाईचे दूध होते. परंतु वंशावळी मांडून पाहता असे आढळले की, आईबाप दोघांकडून एक विशिष्ट वारसा आलेली मुलेच त्याला बळी पडत. शेजारच्या घरातले मूल तेच दूध पिऊन धडधाकट राही. १९९६ साली हा वृत्तान्त छापून आला. भांडी बदलली तेव्हा रोग गेला. वारसा गेला नाही, तो तेथील रक्तात राहिलाच असणार. आमच्या मते संपूर्ण विषयाची किल्ली येथे आहे.

आता मेदाकडे येऊ. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ल्यूडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या यकृताची हानी दारुड्याच्या यकृतासारखी होती, पण दारूचे तसे व्यसन त्यांना नव्हते. तीनच वर्षांनी तीन स्थूल मुलांत हाच प्रकार आढळला. दारूचा संशय मुलांवर घेता येईना, तेव्हा दोष ताटावर आला: मूल खादाड, आईबाप लाड करणारे. पितळी भांड्याच्या रोगात दोष वंशाला दिला गेला होता. येथे तो सारा खाण्याला दिला गेला.

हा निकाल आकड्यांशी मात्र जुळेना. सॅन डिएगो परगण्यात १९९३ ते २००३ ह्या काळात अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या ७४२ मुलांची यकृते तपासली गेली. त्यावरून शेकडा साडेनऊ मुलांत हा विकार असावा असे अनुमान निघाले. पण मेक्सिको आदी देशांतून आलेल्या हिस्पॅनिक कुळांतील मुलांत तो सुमारे १२ टक्के, तर कृष्णवर्णीय मुलांत अवघा दीड टक्का होता. कृष्णवर्णीयांतही स्थूलपणा काही कमी नव्हता. २००९ साली त्याच शहरातील डॉ. श्विमर ह्यांनी घरेच्या घरे तपासली. विकारग्रस्त मुलांच्या भावंडांपैकी ५९ टक्के आणि आईबापांपैकी ७८ टक्के ह्यांच्या यकृतात मेद निघाला. तितक्याच जाड पण विकार नसलेल्या मुलांच्या घरांत हे आकडे १७ व ३७ होते.

दरम्यान २००८ साली टेक्सासच्या डॅलस शहरात हेलन हॉब्ज, जोनाथन कोहेन व त्यांचे सहकारी ह्यांनी दोन हजारांहून अधिक नागरिकांच्या यकृतातील मेद मोजून त्यांचे जनुक चाळले. बाविसाव्या गुणसूत्रावरील पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक हाती लागला. त्या फरकाने प्रथिनाच्या साखळीतील १४८ वा मणी बदलतो. बदललेले प्रथिन मेदाच्या थेंबावर ठाण मांडून बसते, लवकर हटत नाही, आणि मेद मोकळा होण्यास अडथळा करते. आईबाप दोघांकडून हा फरक आलेल्यांच्या यकृतात मेद दुपटीहून अधिक. हिस्पॅनिकांत हा फरक सर्वांत अधिक, कृष्णवर्णीयांत सर्वांत कमी. म्हणजे मुलांच्या आकड्यांतले कोडे बरेचसे सुटले. पुढे इटलीतील मुलांतही ह्याच फरकाचा विकाराच्या तीव्रतेशी संबंध दिसला.

पण २०१७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आम्हांस ह्या साऱ्या शोधांत अधिक मोलाची वाटते. सडपातळ माणसात हा वारसा जवळजवळ निपचित असतो; वजन जसजसे वाढते तसतसा त्याचा प्रताप वाढत जातो. म्हणजे टायरॉलच्या दुधाचाच न्याय. त्यामुळे दवाखान्यात प्रत्येक मुलाचे जनुक तपासण्याचा आग्रह धरला जात नाही. स्थूल मुलांची रक्ततपासणी मात्र नवव्या ते अकराव्या वर्षी करावी, भावंडांचाही विचार व्हावा, असे तेथील बालरोगतज्ज्ञ २०१७ पासून सांगत आहेत.

उपाय कोठे शोधावा, ह्याचा एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. अकरा ते सोळा वर्षांच्या चाळीस मुलग्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे वरून घातलेली साखर जवळजवळ बंद करण्यात आली. एकट्या मुलाच्या ताटात फरक न करता त्याच्या घरातील सर्वांचे जेवण प्रयोगकर्त्यांनीच पुरविले. त्या मुलांच्या यकृतातील मेद २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला; नेहमीचे जेवणाऱ्यांचा २१ वरून जेमतेम २० वर.