कैफियत, खुलासा, समर्थन आणि माफी : अमरावतीच्या मांडवातून दिसणारे काही खटले

मागच्या वेळी आपण वऱ्हाडातल्या जमीनमहसुलाच्या शब्दांकडे पाहिलं. आज विषय थोडा वेगळा आहे. माणसावर आरोप आला की तो जे बोलतो किंवा लिहून देतो, त्याला मराठीत काय म्हणायचं? खुलासा, स्पष्टीकरण, कैफियत, जबाब, बचाव, समर्थन, सफाई, दिलगिरी, माफी. वरवर पाहता सगळे एकाच घरातले दिसतात, पण यातला कुठला शब्द उचलला यावर नोकऱ्या गेल्या आहेत, माणसं तुरुंगात गेली आहेत. समोर बसलेल्यांपैकी जे तलाठी, ग्रामसेवक किंवा मास्तर असतील, त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस काय असते हे सांगायला नको. त्या कागदावर 'लेखी खुलासा सादर करावा' असं असतं. माफी मागा असं त्यात कुठंच नसतं. तरी घाबरलेला माणूस पहिल्याच ओळीत 'झाल्या चुकीबद्दल माफ करावे' लिहून मोकळा होतो. चौकशी सुरू व्हायच्या आधीच कबुली जमा!

शब्दांची थोडी फोड करू. 'कैफियत' अरबी 'कैफ'वरून आला, म्हणजे 'कसं'. घडलं कसं, परिस्थिती काय होती, ते सांगणं म्हणजे कैफियत. म्हणून जुन्या दफ्तरात घराण्यांच्याही कैफियती सापडतात आणि गावांच्याही. कर्नल मॅकेंझीनं दक्षिणेत गावोगावच्या कैफियती लिहवून घेतल्या, त्यांत कुणावर आरोप नव्हता. आज दिवाणी कोर्टात प्रतिवादी आपलं लेखी म्हणणं देतो, तीही कैफियतच. किरकोळ अर्जावर वकीलमंडळी 'से' दाखल करतात. तो इंग्रजी 'से', पण अकोल्याच्या कोर्टात पक्षकारही आता 'आपला से गेला का?' असंच विचारतो.

'खुलासा' हाही अरबीच. मूळ अर्थ अर्क, सार. उर्दूत आजही खुलासा म्हणजे सारांश. मराठीत तो 'खुला'च्या शेजारी जाऊन बसला आणि उघडं करून सांगणं असा अर्थ झाला. वैद्य लोक पोट साफ होण्यालाही 'खुलासा' म्हणतात. ते सोडा. मुद्दा असा की खुलासा मागणारा आपल्या वऱ्हाडी भाषेत 'काहून?' विचारतो आणि कैफियत देणारा 'कसं' ते सांगतो.

'सफाई देणे' हिंदीतून आलं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ पर्यंत नागपूरशी कारभार चालला, मग हिंदी वळणं येणारच. आम्हाला हा शब्द फारसा आवडत नाही. डाग पडलाय हे आधीच धरून चालतो तो. 'बचाव'सुद्धा तसाच, वार झाला आहे एवढंच सांगतो. 'समर्थन' मात्र वेगळ्या जातीचं. समर्थन करणारा म्हणतो, होय, केलं, आणि ते योग्य होतं. 'दिलगिरी' फारसी, मन धरलं गेलं, दुःख झालं. दुःख झालं म्हणणारा चूक आपली होती असं म्हणतोच असं नाही. 'माफी' मागितली की ते आलंच.

आता इतिहासाकडे वळू. डिसेंबर १८९७. अमरावतीला काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष इथलेच वकील दादासाहेब खापर्डे, अध्यक्ष मद्रासकडचे चेट्टूर शंकरन नायर. मांडवात एक माणूस नव्हता आणि तरी त्याचंच नाव सगळ्यांच्या मनात होतं. टिळक तुरुंगात होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांच्याबद्दल बोलताना सभा हेलावून सोडली.

टिळक आत का होते? कलम १२४ अ. कायद्यातला शब्द होता सरकारविषयी 'अप्रीती' निर्माण करणं. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. आता बघा, द्वेष करणं आणि प्रेम नसणं या दोन गोष्टी आपल्या घरात तरी एक असतात का? पण त्या व्याख्येनं बचावाची जागाच संपली. 'मी द्वेष पसरवला नाही' हे सिद्ध करता येईल, 'मी प्रेम शिकवत होतो' हे कोणता संपादक सिद्ध करणार? सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. शिक्षा अठरा महिने. खटल्याच्या आधी माफी मागून सुटावं असा सल्ला टिळकांना मिळाला होता. त्यांनी तो नाकारला. आम्हाला वाटतं यामागे १८८२चा अनुभवही असावा. कोल्हापूर प्रकरणात बर्व्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांची माफी मागून झाली होती, तरी चार महिन्यांची शिक्षा चुकली नाही, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

१९०८चा खटला तर जवळजवळ शब्दकोशाचाच होता. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतले लेख. लेख मराठी, आरोप इंग्रजी भाषांतरावर, आणि ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी. टिळकांनी वकील न देता स्वतः काम चालवलं, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका मराठी शब्दाची इंग्रजीत धार कशी वाढवली गेली ते दाखवत राहिले. एकवीस तासांवर बोलले. यात खुलासा किती आणि समर्थन किती? आमचं मत असं की भाषांतरापुरता तो खुलासा होता, लेखांपुरतं समर्थन. लेखाचा आशय त्यांनी मागे घेतला नाही. न्यायाधीश होते दिनशा दावर, ज्यांनी १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता! सात विरुद्ध दोन असा कौल आला. सहा वर्षं मंडाले. अपिलाच्या खटपटीला खापर्डे त्याच वर्षी विलायतेला गेले आणि १९१० मध्ये परतले. तोवर अमरावतीतली चालती वकिली बंद.

१९१६ मध्ये पुन्हा तेच कलम पुढं आलं, बेळगाव आणि नगरच्या भाषणांवरून. चांगल्या वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला. या वेळी टिळकांची शब्दांची पेरणी आधीच झाली होती. भाषणातच त्यांनी अदृश्य सरकार आणि दृश्य सरकार असा भेद केला होता. राजसत्ता वेगळी, रोज बदलणारी नोकरशाही वेगळी, टीका दुसरीवर आहे. म्हणजे बचाव बोलण्यातच विणलेला होता, नंतर जोडावा लागला नाही. जिनांनी बाजू मांडली, नोव्हेंबरात हायकोर्टानं हुकूम रद्द केला. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९१७ मध्ये, टिळक अकोल्याला होमरूलवर बोलत होते.

शेवटचा खटला अमरावतीच्या त्या अध्यक्षांचा. शंकरन नायर पुढं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, पंजाबच्या अत्याचारानंतर १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. (हा 'राजीनामा' शब्दही गंमतीचा. मराठी पंचायतीत दोन्ही पक्ष 'निवाडा मान्य करू' असं लिहून देत, त्याला राजीनामा म्हणत. राजी होण्याचा कागद आज नाराजीचा झाला.) १९२२ मध्ये गांधींवर टीका करणारं पुस्तक नायरांनी लिहिलं, त्यात पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांच्यावर ठपका ठेवला. ओड्वायरांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. इंग्रजी कायद्यात 'लिहिलं ते खरंच आहे' या बचावाचं नावच मुळी 'जस्टिफिकेशन', म्हणजे आपलं समर्थन. नायरांनी तेच केलं. १९२४ मध्ये अकरा विरुद्ध एक अशा मतांनी ते हरले. तो एकटा ज्यूरर म्हणजे हॅरल्ड लास्की.

ओड्वायरांनी सांगितलं, 'अपॉलॉजी' द्या, पैसे सोडतो. या शब्दाचा प्रवास बघा. ग्रीकमध्ये 'अपोलोगिया' म्हणजे कोर्टातलं बचावाचं भाषण. सॉक्रेटिसचं ते भाषण प्लेटोनं लिहिलं, त्यात सॉक्रेटिस माफी मागत नाही. इंग्रजीत येता येता त्याच शब्दाची माफी झाली. नायर मूळ अर्थाचं सगळं कोर्टात करून चुकले होते, नव्या अर्थाचं द्यायला तयार झाले नाहीत. ५०० पौंड नुकसानभरपाई आणि त्याच्या कितीतरी पट कोर्टखर्च त्यांनी भरला.