लाल पेन्सिलीखालचे अंक

एप्रिल १९६३. तू सोळा वर्षांची, शिकागोतल्या मुलींच्या कॅथलिक शाळेत. शाळेच्या वर्तमानपत्राचा अंक नुकताच छापखान्यातून आलाय. गठ्ठा सोडताना शाई बोटांना लागते. पहिल्या पानावर बास्केटबॉल. शहरातल्या जेझुइटांच्या लोयोला विद्यापीठानं सिनसिनाटीला जादा वेळेत ६०-५८ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलंय. सुरुवातीला मैदानात उतरलेल्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय होते. हे वाक्य तू लिहिलं होतंस. अंकात ते नाही. सिस्टरच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय इथं काहीच छापलं जात नाही.

म्हणून तुम्ही मुली आडवळणानं लिहायला शिकलात. स्कर्टची लांबी तपासायला गुडघ्यांवर बसवतात, त्यावर अग्रलेख लिहायची सोय नाही. विनोदाच्या सदरात मात्र ‘यंदा सर्वांत झिजलेले गुडघे कोणाचे?’ हे खपून जातं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. कॅन्टीनमध्ये नेहमीचा तळलेल्या माशांचा वास. जेवणाची सुट्टी संपते न संपते तोच स्पीकरवर मुख्याध्यापिकेचा आवाज: डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्यात. तीनच वर्षांपूर्वी याच माणसाला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकांपुढे उभं राहून सांगावं लागलं होतं, की राष्ट्राध्यक्ष म्हणून आपण पोपच्या हुकमानं चालणार नाही. तुमच्या घरी त्याची तसबीर पोपच्या शेजारीच टांगलेली आहे. अख्खा वर्ग गुडघे टेकून रोझरी म्हणू लागतो. संध्याकाळी तू पहिल्या पानावरून थँक्सगिव्हिंगच्या नाचाची बातमी काढतेस आणि काळी चौकट आखतेस. त्या मजकुराला सिस्टर पेन्सिल लावत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुझी शाळा संपते. अंक आता धाकटीच्या दप्तरातून घरी येतो. नोव्हेंबर १९६४: आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून मिस्सा बरीचशी इंग्रजीत. नोव्हेंबर १९६६: अमेरिकेच्या बिशपांचा निर्णय, उपवासकाळ वगळता शुक्रवारी मांस खाणं यापुढे पाप नाही. बातमी आतल्या पानावर, दोन परिच्छेदांत.

शेजारी वाचकांची पत्रं. एक मुलगी विचारते: कालचं पाप आज पाप नसेल, तर उरलेल्या यादीचं काय? आडवळण नाही, विनोदाचा आडोसा नाही. खाली तिचं नाव आणि इयत्ता. तू पत्र पुन्हा वाचतेस. मग लक्षात येतं, की हे सिस्टरनं वाचलंय आणि तसंच जाऊ दिलंय. मिस्साची भाषा रोमहून बदलली. हा बदल मात्र तिनं स्वतः केलाय.