तोल-परीक्षण व पडण्याचा धोका (चेताविकारांतील)

पक्षाघात, कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, मधुमेही चेताविकार यांसारख्या आजारांत रुग्ण उभा कसा राहतो, कसा वळतो आणि धक्का बसल्यास स्वतःला कसा सावरतो याची पद्धतशीर तपासणी. डोळे, अंतर्कर्ण आणि पायांतून येणारी स्थितिसंवेदना यांच्या मेळावर तोल टिकतो. त्यांपैकी काय बिघडले आहे ते समजले तरच उपचाराला दिशा मिळते. म्हणून कागदावर नुसता ‘धोका जास्त’ असा शेरा मारणे अपुरे होय.

इतिहास : मज्जारज्जूच्या उपदंशजन्य विकारात डोळे मिटताच रुग्ण डोलू लागतो, हे बर्लिनचे मॉरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्णिले, इंग्रज वैद्य मार्शल हॉल यांचे तशाच स्वरूपाचे निरीक्षण त्याआधीचे आहे. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची चाचणी आजही रोम्बर्ग यांच्याच नावाने चालते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातही ती सकारात्मक येऊ शकते, आणि हा अभाव आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, पुष्कळ आढळतो. डोळे उघडे असतानाच तोल जात असेल तर अनुमस्तिष्काचा विचार करावा.

बर्ग मापनश्रेणी : कॅनडातील कॅथरिन बर्ग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मूलतः वृद्धांसाठी मांडली, पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात ती फार रुळली. बसलेले उठणे, आधाराविना उभे राहणे, हात पुढे लांबवणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, जागीच पूर्ण गिरकी घेणे, एका पायावर उभे राहणे अशा १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. खुर्ची, पायठाण, मोजपट्टी व घड्याळ एवढ्या साहित्यावर ती पार पडते. लहान गावातल्या दवाखान्यालाही ती परवडते हा तिचा मोठा गुण. ४५ ही सीमारेषा बराच काळ प्रमाण मानली गेली. एकाच आकड्यावरून निर्णय करू नये असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. बरे चालणारे रुग्ण पूर्ण गुणांजवळ पोहोचतात, त्यामुळे त्यांचा उरलेला दोष झाकला जातो. शिवाय भुईवरून उठणे, उकिडवे बसणे, उंबरठा ओलांडणे यांपैकी एकही कृती तीत नाही. भारतीय बैठकीचा संडास वापरणाऱ्या, जेवायला खाली बसणाऱ्या रुग्णाकडून या कृती स्वतंत्रपणे करवून पाहणे अगत्याचे आहे.

उठून चालण्याची कालबद्ध चाचणी : खुर्चीवरून उठून ३ मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. १९८६ मध्ये तपासणारा नजरेने गुण देई; १९९१ मध्ये पॉडसिआडलो व रिचर्डसन यांनी सेकंद मोजण्याची पद्धत आणली. सीमारेषेबाबत एकमत नाही. सेकंदांपेक्षा वळताना पडणारी पावले अनेकदा अधिक सांगून जातात.

कंपवात : रुग्णाला आधी कल्पना देऊन, त्याच्या मागे उभे राहून खांदे झटकन मागे ओढतात. एकदोन पावलांत सावरणे सामान्य समजतात. कोणी धरले नसते तर पडला असता, अशी अवस्था गंभीर. तपासणारा बेसावध असू नये. लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा शेवटचा डोस कधी घेतला हे नोंदवलेच पाहिजे, कारण औषध अंगात असताना आणि उतरल्यावर तोच रुग्ण निराळा दिसतो. पडण्याचा धोका ओळखण्यासाठी २०१३ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने तीन साध्या गोष्टी पुढे आणल्या : मागील वर्षात पडणे झाले का, मागील महिन्यात चालताना पाय जागीच खिळले का, आणि चालण्याचा सहज वेग सेकंदाला १.१ मीटरपेक्षा कमी आहे का. उभे राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिमी. पाऱ्याने उतरतो का, हेही मोजावे. चक्कर येऊन पडणाऱ्याला केवळ तोलाचे व्यायाम देऊन भागत नाही. आजाराच्या पहिल्याच वर्षात वारंवार मागे कोसळणे हे साध्या कंपवाताचे लक्षण सहसा नसते. तेथे निदानच पुन्हा तपासावे.

रुग्णालयातील गुणपत्रके : पडण्याचा धोका गुणांत मांडणारी मॉर्स श्रेणी बरीच प्रचलित. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये रुग्णालयातील रुग्ण पडेल का याच्या भाकितासाठी अशी साधने वापरू नयेत असे सुचवले.

मल्टिपल स्क्लेरोसिस : थकवा व उष्णता यांनी गुण बदलतात, तपासणीची वेळ लिहावी.

मधुमेही चेताविकार : तळपायाची संवेदना १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तपासतात.